सोमवारची शिंक

शीतगृहाच्या आवारात दर सोमवारी दुपारी बारा वाजता सायरन शिंकायचा.

शिंक हा शब्द नणंदेचा. सायरन पुरता वाजत नसे. ‘हॅक्’ असा अर्ध्या सेकंदाचा आवाज करून गप्प बसे, आणि तेवढ्यात सफरचंदांच्या पेट्या उचलणारा एखादा हमाल दचके. दुपारी डबे उघडले की नणंद सगळ्यांसमोर साळसूदपणे विचारायची, “वहिनी, उचकी लागली तर कुणी आठवण काढतंय म्हणावं. तुमच्या यंत्राच्या शिंकेला काय म्हणायचं?”

वहिनी म्हणजे तिथला सर्व्हर सांभाळणाऱ्या बाई. नणंद त्यांना वहिनी म्हणे म्हणून आवारातले सगळेच म्हणू लागले. वयानं मोठे असलेले मॅनेजरसुद्धा. घरी नणंद त्यांना ‘तू’ म्हणायची आणि आवारात, चारचौघांत, ‘तुम्ही’. वहिनींना या ‘तुम्ही’चं हसू यायचं. सकाळी ज्या तोंडानं ‘माझा टॉवेल कुठं टाकलास’ म्हणायचं, त्याच तोंडानं दुपारी ‘तुम्ही जेवलात का’ विचारायचं.

नणंद कंप्रेसर चालवायची. काम जोखमीचं होतं, कारण शीतगृह थंड ठेवतो तो अमोनिया. नळ्यांमधून फिरतो तोवर तो गुणाचा. नळीबाहेर आला की घसा जाळतो, डोळे जाळतो, आणि फार सुटला तर माणूस दार गाठायच्या आत कोसळतो. त्याचा एकच चांगुलपणा म्हणजे तो लपून राहत नाही. चिमूटभर सुटला तरी नाकाला झोंबतो. म्हणून कंप्रेसरवर काम करणाऱ्यांचं नाक वर्षातून एकदा तपासत. तपासनीस लहान लहान बाटल्या घेऊन येई, डोळे मिटायला लावी आणि कशाचा वास येतो ते विचारी.

नणंदेचं नाक गेलं होतं. गेल्या हंगामात तिला ताप आला, आणि जाताना तो वास घेऊन गेला. जळलेलं दूध, ओला टॉवेल, साबण, तिला सगळं सारखंच. यंदाची तपासणी अजून व्हायची होती, तोवर ही गोष्ट दोघींनाच ठाऊक होती. तिच्या सख्ख्या भावाला, म्हणजे वहिनींच्या नवऱ्यालाही, तिनं ती सांगितली नव्हती. तो सरळ नाकासमोर चालणारा माणूस. दुसऱ्या दिवशी मॅनेजरपुढे जाऊन उभा राहिला असता. “नाक कापलं गेलं तर लोक नुसते हसतात,” ती म्हणायची. “माझं गेलंय. माझी नोकरी जाईल.”

वहिनींनी तिला दोन-तीनदा समजावलं होतं. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं असे. सगळ्या खोल्यांच्या भिंतींवर मिळून चाळीस सेन्सर लावले आहेत, म्हणजे चाळीस नाकं. एका बाईच्या नाकाला विचारतो कोण? एकदा भांडी पुसता पुसता ती जरा गंभीरपणे म्हणाली होती, “वहिनी, माझं नाक आता तुझ्या सर्व्हरमध्ये आहे. ते तेवढं सांभाळ.”

वहिनींनी ते मनाला लावून घेतलं होतं.

ते नाक कसं काम करायचं, ते नीट समजून घेतलं तर पुढचं सगळं समजेल. सर्व्हरवर दोन प्रोग्रॅम चालत. वहिनी नव्या माणसाला समजावताना एकाला लेखनिक म्हणत आणि दुसऱ्याला पहारेकरी. लेखनिक दर सेकंदाला चाळीस सेन्सरांचे आकडे, म्हणजे हवेत अमोनिया किती ते, घेऊन एका फाइलमध्ये उतरवून ठेवी. या फाइलला लॉग म्हणतात. आपण वही म्हणू. पहारेकरी दर मिनिटाला ती वही उघडून वाची. एखादा आकडा पंचविसाच्या वर गेलेला दिसला की त्या खोलीच्या दारावरचा हिरवा दिवा लाल करी आणि सायरन वाजवी. तसा आकडा दिसला नाही तर दिवा हिरवा.

वही रोज फुगत जाई. तिला आवर घातला नाही तर सगळी डिस्क ती एकटीच खाऊन टाकेल. म्हणून दर सोमवारी बाराच्या ठोक्याला एक ठरलेलं काम आपोआप सुरू होई. चालू वहीवर ‘एक’ असा आकडा घालून ती बाजूला ठेवायची. आधीच्या ‘एक’ची ‘दोन’ करायची, ‘दोन’ची ‘तीन’. जुन्या चार ठेवायच्या, पाचवी फेकून द्यायची. मग नवी कोरी वही मांडायची. आणि सर्वांत शेवटी, एका ओळीत, लेखनिक आणि पहारेकरी दोघांनाही क्षणभर बंद करून पुन्हा सुरू करायचं. पहारेकरी सुरू होताना सायरन चालतो की नाही ते वाजवून बघे. तीच सोमवारची शिंक.

दोन महिन्यांपूर्वी त्या शिंकेमुळे एका हमालाच्या अंगठ्यावर पेटी पडली. लंबू त्याचं टोपणनाव. तो आठवडाभर लंगडला. मॅनेजर म्हणाले, वहिनी, हे बंद करता येईल का? नणंदेनं जोड दिली की यंत्राला एखादा काढा पाजा. वहिनींनी ती शेवटची ओळ पाहिली. शिंक तिच्यामुळेच येत होती. त्यांनी ती काढून टाकली.

पुढच्या सोमवारी बारा वाजून गेले आणि शिंक आली नाही. वहिनींनी डोकावून पाहिलं. जुन्या वहीवर ‘एक’ पडला होता, नवी वही मांडलेली होती, सगळे दिवे हिरवे होते. लंबूनं लांबूनच हात जोडले. मॅनेजर इतके खूश झाले की नदीपलीकडच्या दुसऱ्या शीतगृहातही, जे त्याच मालकाचं होतं, तोच बदल करून द्यायला त्यांनी सांगितलं. वहिनींनी तो त्याच दुपारी पाठवला.

त्याला आता आठ सोमवार झाले होते.

त्या गुरुवारी सकाळी नणंद गरम पाण्याच्या गुळण्या करत होती. खोकत होती. म्हणाली, गेले तीन गुरुवार असंच होतंय, संध्याकाळी घरी येते तेव्हा घसा धरलेला असतो, तो शनिवारपर्यंत सुटत नाही. या खेपेला तर सुटलाच नाही. वहिनींनी पाणी ओतता ओतता थट्टा केली, “वन्सं, तुमच्या घशाला आठवड्याचा पगार वेगळा द्यावा लागेल.” ‘वन्सं’ म्हटलं की ती चिडायची, म्हणून मुद्दाम. ती चिडली नाही. खोकत खोकत हसली. दोघी बरोबरच निघाल्या, फाटकापाशी वेगळ्या झाल्या. नणंद डावीकडे कंप्रेसरकडे, वहिनी उजवीकडे ऑफिसकडे. मध्ये पेट्यांच्या गाड्या वळवण्यापुरतं मोठं अंगण होतं.

सर्व्हरची खोली लहान होती. एक टेबल, एक खुर्ची, पंख्यांची सततची घरघर, आणि भिंतीवर मागच्या कुणीतरी लावलेलं, काटा थोडा मागे राहणारं घड्याळ. साडेदहाला स्क्रीनवर पिवळी पट्टी आली. डिस्क सत्त्याण्णव टक्के भरली.

वहिनी घाबरल्या नाहीत. डिस्क भरणं हा रोजचा आजार आहे. कुणीतरी काहीतरी मोठं टाकलेलं असतं, ते शोधून काढून टाकायचं. त्यांनी एकेका फोल्डरचं वजन करायला सुरुवात केली. सगळ्या फाइलींची बेरीज केली तर डिस्क अर्धीसुद्धा भरत नव्हती. त्यांनी पुन्हा बेरीज केली. तेवढीच आली.

हंडा काठोकाठ भरलेला दिसतो, पण त्यातलं पाणी तांब्या-तांब्यानं मोजलं तर निम्मंच निघतं, असं कसं होईल? उरलेलं निम्मं कुठंय?

सवयीनं त्यांनी वही उघडली. वही कोरी होती.

सोमवारी मांडलेली नवी वही, आज गुरुवार, आणि तिच्यात एक अक्षर नव्हतं. त्यांनी ‘एक’ उघडली. कोरी. ‘दोन’ कोरी, ‘तीन’ कोरी, ‘चार’ कोरी. वहिनी खुर्चीत मागे रेलल्या. शीतगृह अगदी शांत असलं तरी वही कोरी राहत नाही. तिच्यात दर सेकंदाला दोन, दोन, तीन, दोन असे आकडे पडत असतात. शांततेचीसुद्धा नोंद असते. वही कोरी असली तर तिच्यात कुणी लिहीतच नाहीये.

आणि पहारेकरी गेले आठ आठवडे हीच कोरी वही दर मिनिटाला उघडून, तिच्यात पंचविसाच्या वरचा आकडा नाही असं पाहून, सगळे दिवे हिरवे ठेवत होता.

लेखनिक मेला असेल असं त्यांना आधी वाटलं. तो मेला नव्हता. चालू होता, कामात होता. तो कुठल्या फाइलमध्ये लिहितोय ते त्यांनी सर्व्हरला विचारलं. उत्तरात वहीचं नाव आलं, आणि नावापुढे कंसात एक शब्द: काढून टाकलेली.

तेव्हा त्यांना आपली ओळ आठवली.

कल्पना करा, एक लेखनिक मान खाली घालून लिहीत बसला आहे. त्याच्या हातातल्या वहीवरचं लेबल कुणी अलगद बदललं, तर त्याला कळत नाही. तो त्याच पानावर लिहीत राहतो. टेबलावर नवी वही आणून ठेवली, तरी तो मान वर करत नाही. त्याच्या खांद्यावर थाप मारून सांगावं लागतं की बाबा, वही बदलली. ती थाप म्हणजेच ती शेवटची ओळ. ती काढल्यावर लेखनिक जुन्याच वहीत लिहीत राहिला. तिची ‘एक’ झाली, ‘दोन’ झाली, ‘चार’ झाली, पाचव्या सोमवारी ती फेकून दिली. पण अशा सर्व्हरवर फाइल फेकली म्हणजे फक्त तिचं नाव पुसलं जातं. कुणी ती हातात धरून बसलं असेल तोवर ती असते. नाव नाही, पत्ता नाही, यादीत नाही, तरी असते आणि फुगत असते. हरवलेलं निम्मं पाणी तिथं होतं.

आणि लेखनिकानं हात सोडला की त्या क्षणी ती कायमची जाणार होती.

लेखनिकाच्या हातात डोकावून ती बिननावाची वही वाचता येते, हे वहिनींना माहीत होतं. त्यांनी तिच्यातले फक्त पंचविसाच्या वरचे आकडे मागितले. उत्तर यायला तीन मिनिटं लागली. तेवढ्यात त्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं, आणि त्यांची खात्री होती की काही निघणार नाही. चाळीस सेन्सर, एवढी माणसं रोज ये-जा करतात. काही असतं तर कुणाला तरी वास आला असता.

एकोणचाळीस सेन्सरांचं काही निघालं नाही. सतराव्याचं निघालं.

सतरावा सेन्सर खालच्या खोलीत होता. कंप्रेसरच्या मागे बारा पायऱ्या उतरून गेलं की ती खोली लागे. अमोनियाबरोबर वाहत आलेलं तेल तिथल्या एका टाकीत साचे, आणि आठवड्यातून एकदा व्हॉल्व्ह उघडून ते काढावं लागे. एरवी तिथं कुणी जात नसे. पायऱ्यांच्या तोंडाशी असलेलं जाड दार बंद असे. दर गुरुवारी अकरा वाजता एकच माणूस उतरायचं. नणंद.

वहिनी स्क्रीनवरचे आकडे खालून वर नाही, वरून खाली वाचू लागल्या, एकेका गुरुवारनं. तीन गुरुवारांपूर्वी, अकरा वाजून सात मिनिटांनी, एकतीस. मग हळूहळू उतरत पंचविसाच्या खाली गेला होता. पुढच्या गुरुवारी, अकरा वाजून नऊ मिनिटांनी, चौसष्ट. उतरला तो चाळिसावर येऊन थांबला. मागच्या गुरुवारी एकशे वीस. उतरला तो नव्वदीवर. ती पाना लावून व्हॉल्व्ह फिरवायची तेव्हा आकडा उडी मारायचा, आणि दर वेळी आधीपेक्षा वरच्या पायरीवर येऊन बसायचा. व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीचं, गळती अडवणारं पॅकिंग सुटत चाललं होतं. सोडवत होती तीच, तिच्याच हातानं, आठवड्याला थोडं थोडं.

आणि कालपासून कुणी हात लावला नसतानाही आकडा चढत होता. एकशे चाळीस. एकशे सत्तर. सगळ्यात खालची ओळ आत्ताची होती. दोनशे अठरा.

दारावरचा दिवा हिरवा होता. दिवा हिरवा असला की मास्क लावायची सक्ती नसे. मास्क दाराशीच खुंटीला असे. दाराबाहेर दुसरा माणूस उभा करायचीही गरज नसे. डोळ्यांना गॉगल असे, म्हणून डोळे झोंबायचे नाहीत. घसा तेवढा धरायचा.

भिंतीवरच्या घड्याळात अकराला चार मिनिटं होती, आणि ते मागे राहणारं घड्याळ होतं.

वहिनींनी कंप्रेसरच्या खोलीतला फोन लावला. तो वाजत राहिला. तिथं यंत्रांच्या आवाजात फोन ऐकू यायचा तो फक्त शेजारी उभं असलेल्याला. नणंदेचा मोबाइल आवाराच्या नियमाप्रमाणे कपाटात होता. जिना उतरून, अंगण ओलांडून धावत जायला दोन-तीन मिनिटं.

त्यापेक्षा वेगवान एकच गोष्ट होती. लेखनिकाला थाप मारायची. तो कोऱ्या वहीत लिहू लागेल, पहारेकरी मिनिटभरात ती वाचेल, सायरन वाजेल. पण त्याच क्षणी बिननावाची वही नाहीशी होईल. आठ आठवड्यांतल्या प्रत्येक सेकंदाची नोंद जाईल. आणि ती नोंद डिस्कवर मावत नव्हती, म्हणून तिची नक्कलही करता येत नव्हती. उरेल ते फक्त समोरच्या खिडकीत आलेलं, एवढंच पान. हे सगळं मनात यायला एक श्वास लागला. दुसऱ्या श्वासाला त्यांनी ती ओळ लिहिली, जी दोन महिन्यांपूर्वी पुसली होती, आणि बटण दाबलं.

सायरन शिंकला.

अंगणात लंबू दचकला आणि हसला. बाकीच्यांनी मानही वर केली नाही. वहिनी जिना उतरून धावत सुटल्या तेव्हा त्यांना एवढंच दिसत होतं: सगळे जण आपापलं काम करत होते. वर्षानुवर्षं त्या शिंकेनं सगळ्यांना शिकवलं होतं की शिंकेकडे लक्ष द्यायचं नसतं.

खाली काय झालं ते नणंदेनं नंतर सांगितलं. ती पायऱ्या उतरून व्हॉल्व्हपाशी गेली होती. घसा खवखवत होता, तो सकाळपासूनच खवखवत होता. पाना दांड्यावर बसवला, आणि तेवढ्यात शिंक ऐकू आली. दोन महिन्यांनी. तिला हसू आलं. वहिनीला आता चिडवायचं, असं ठरवून तिनं पान्यावर जोर द्यायला हात घट्ट केला, आणि मग तिच्या मनात आलं की आज सोमवार नाही. गुरुवार आहे. वाजलेत अकरा, बारा नाहीत.

“तुझी शिंक कधी चुकीच्या वारी आली नव्हती,” ती म्हणाली. “मी पाना तिथंच सोडला. कशासाठी, ते मलाही माहीत नाही. तुला काय झालंय ते विचारायला वर येत होते.”

ती सातव्या पायरीवर असताना डोक्यावरचा दिवा लाल झाला आणि सायरन पूर्ण आवाजात वाजू लागला. ती धावत वर आली आणि तिनं दार ओढून लावलं. वहिनी तिथं पोचल्या तेव्हा ती दाराबाहेर वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून, खोकत होती.

मुख्य नळ्या बंद केल्या गेल्या, पंखे सुरू झाले, सगळी माणसं फाटकाबाहेर मोजून उभी केली. साडेअकराला खालच्या खोलीच्या झरोक्यातून पांढरा धूर निघाला, आधी दोऱ्यासारखा, मग जाड. पॅकिंग आपोआप सुटलं होतं. फाटकाबाहेर उभे असलेले सगळे नाकाला रुमाल लावून मागे सरकले. नणंद तशीच उभी होती. तिनं वहिनींना कुजबुजत विचारलं, “फार वास येतोय का?” वहिनींनी नुसती होकाराची मान हलवली.

दुपारपर्यंत धोका संपला असं जाहीर झालं. मॅनेजर घाम पुसत सर्व्हरच्या खोलीत आले तेव्हा दोघी तिथंच होत्या. मॅनेजर कौतुकानं बोलत होते. सायरन वेळेवर वाजला, एक मिनिट उशीर झाला असता तर काय झालं असतं, यंत्रणा असावी तर अशी. मालकांना तसं कळवतो म्हणाले आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाशी कागदपत्रं चाळू लागले.

नणंद वहिनींच्या खुर्चीमागे उभी होती. स्क्रीनवर ती एक खिडकी अजून उघडी होती. एकतीस, चौसष्ट, एकशे वीस, दोनशे अठरा. नणंदेनं ती वाचली. तिला आकडे वाचता येत होते, आणि गुरुवारही मोजता येत होते.

तिनं वाकून, मॅनेजरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात सांगितलं. तू ही खिडकी बंद कर. बाकी सगळं गेलंच आहे म्हणतेस. एकवीस दिवस तुला कळलं नाही आणि मलाही कळलं नाही. तुला का कळलं नाही ते विचारतील, मग मला का कळलं नाही तेही विचारतील. दोघींची नोकरी जाईल, आणि कुणाला काही झालेलं नाही.

“तू बोलू नकोस,” ती म्हणाली. “मी पण बोलत नाही.”

वहिनींचा हात माऊसवर होता. नणंद म्हणत होती त्यात खोटं काही नव्हतं. खरोखरच कुणाला काही झालेलं नव्हतं. एक बोट हललं की झालं. डिस्क आता निम्मी रिकामी होती, वहीत दोन, तीन, दोन असे आकडे पडत होते, शिंक परत आली होती. कोऱ्या वह्यांकडे पुन्हा कुणी बघणार नव्हतं.

मॅनेजर कागदांतून मान वर करून सहज म्हणाले, “नदीपलीकडच्यांनाही सांगायला हवं, वहिनी. त्यांच्याकडेही तुम्हीच बसवलंय ना सगळं? म्हणजे त्यांनीही निश्चिंत राहावं.”

माऊसवरचा हात तिथंच राहिला.

वहिनींनी कधी फोन उचलला ते नणंदेला दिसलंही नाही. नदीपलीकडच्या कंप्रेसरवर एक म्हातारे गृहस्थ होते. दोन्हीकडचे लोक त्यांना काका म्हणत. तिसऱ्या घंटेला त्यांनी उचलला. मागून त्यांच्या यंत्रांची घरघर येत होती. त्यांना इकडची बातमी कळली होती, आणि ते गप्पांच्या मूडमध्ये होते. अरे वा, स्वतः वहिनी, म्हणाले; तुमच्याकडे गडबड, आमच्याकडे बघा कसं, गेले दोन महिने सायरन नाही, शिंक नाही, काही नाही.

“अगदी शांत आहे,” काका म्हणाले.

वहिनींनी विचारलं, तुमच्याकडे तेल कधी काढतात? काका म्हणाले, आम्ही तुमच्यासारखे सकाळचे नाही, आम्ही जेवून काढतो. आत्ताच दोघं उतरलेत खाली.

“काका, त्यांना वर बोलवा. आत्ता.”

“का हो? दिवा हिरवाय की.”

“दिव्यावर जाऊ नका. दिवा खोटा आहे.” वहिनींचा आवाज चढला नव्हता, कागद चाळणारे मॅनेजर थांबले तेवढे. “माझी चूक आहे. दोन महिने इकडचाही दिवा खोटा होता, मी खोटा केला. काका, रिसीव्हर तसाच ठेवा आणि दाराशी जा. हाका मारा. दार उघडताना वास येतो का बघा, आणि मला येऊन सांगा.”

 रिसीव्हर लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. मग पावलांचा आवाज, म्हाताऱ्या माणसाच्या मानानं भरभर, दूर जाणारा.

मॅनेजर टेबलाच्या या बाजूला येऊन उभे राहिले होते. त्यांनी स्क्रीन पाहिली, मग वहिनींकडे पाहिलं, मग नणंदेकडे. नणंदेनं खिडकी बंद करायला हात पुढे केला नाही. ती वहिनींच्या खांद्याला धरून उभी होती, आणि थोड्या वेळानं मॅनेजरांना स्वतःहूनच म्हणाली, “साहेब, मला वास येत नाही. गेल्या हंगामापासून.”

त्यावर मॅनेजर काय बोलले ते वहिनींनी ऐकलं नाही. त्यांनी रिसीव्हर कानावर दाबून धरला होता. पलीकडे यंत्रं चालत होती. लांब कुठंतरी काकांनी हाक मारली. एक जड दार उघडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ नुसती घरघर.

मग त्या घरघरीतून, खालून कुठून तरी, कुणीतरी खोकलं.